आपांनी माफ केलं नाही

डॉक्टर आपांचा राग कधी शिळा होत नसे. वीस वर्षांपूर्वीचा असला तरी आज सकाळीच कुणी खोडी काढल्यासारखा ताजा. त्या लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर. पाटीवर नाव होतं, पण सगळे आपाच म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

मी अकरा वर्षांची असताना शौचावाटे रक्त जायला लागलं. गावातल्या एका नामांकित सर्जननी दुर्बीण घालून पाहिलं. आतड्यात गाठीच गाठी. "मोठं आतडं काढून टाकू, सोमवारी दाखल करा," म्हणाले. बाबा चिकलठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. कागद घेऊन ते आपांकडे गेले.

"आपा, लई रक्त जातंय पोरीचं. आतडं काढावं लागंल म्हणतेत."

कागदाखालची सही बघून आपांचा चेहरा बदलला. "गाठीचा तुकडा तपासला?"

"नाय."

"मग सोमवारची घाई कुणाला आहे?"

आपांनी पुन्हा दुर्बीण घातली, तुकडे तपासायला पाठवले. कॅन्सर नव्हता. आतड्याला जुनी सूज होती आणि सूज भरून येताना उठलेल्या साध्या गाठी. एक मोठी गाठ सारखी रक्त गाळायची, तेवढी त्यांनी तारेच्या फासानं काढली. बाकीच्यांना हात लावला नाही. "यांना राहू दे. सुजेवर औषध द्यायचं आणि वेळोवेळी बघत राहायचं."

गोळ्यांनी माझं तोंड पुरीसारखं फुगलं. शाळेत मुली हसायच्या. आपा म्हणत, "तोंड उतरेल बेटा. आतडं परत उगवत नसतं."

सूज उतरल्याचा रिपोर्ट आला, त्या दिवशी बाबांना विचारून त्या मला क्रांती चौकात त्या सर्जनच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बाकं पेशंटांनी भरलेली. आपांनी आतल्या खोलीचं दार उघडंच ठेवलं आणि रिपोर्ट टेबलावर आपटला.

"वाचा. मोठ्यानं."

म्हातारे सर्जन वाचू लागले. "कॅन्सर नाही. साध्या गाठी. सूज उतरली."

"माझ्या धाकट्या भावाचा रिपोर्टही असाच होता. साध्या गाठी. फक्त तो तुम्ही त्याला कापल्यावर आला. तोवर आम्ही त्याला दफन केलं होतं."

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"मला ठाऊक आहे. बाहेर बसलेल्यांना ठाऊक नव्हतं."

जिन्यात मी रडायला लागले. माझ्या शौचाची गोष्ट आता परक्या माणसांनीही ऐकली होती. आपा पायरीवर बसल्या, माझे डोळे ओढणीनं पुसले. "तुझ्या बाबतीत चुकले मी. तुझी माफी मागते," त्या म्हणाल्या. "त्यांना मात्र माफी नाही."

मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. औषधं मात्र चुकवली नाहीत.

गेल्या वर्षी आपा गेल्या. शोकसभेत एक डॉक्टर म्हणाले, "आपांच्या मनात कुणाबद्दल कटुता नव्हती." मला राहवेना. मी उठले आणि म्हणाले, "होती. भरपूर होती. त्यांनी माफ केलं असतं, तर माझं आतडं सोमवारीच गेलं असतं."

मागच्या रांगेत आपांची बहीण तेवढी हसली.