थोरल्याची टाळी

धाकटी आज चौथ्यांदा आमदार आहे, पण तिचं बोलणं घडलं ते थोरल्या भावाच्या सुतारकामाच्या दुकानात. लहानपणी चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. थोरला शिकलेला सातवीपर्यंत, पण वाकडी फळी सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो तिला बाकड्यावर उभं करायचा आणि शेजारी करवत चालवायचा.

"चढव आवाज! माणसं करवतीपेक्षा जास्त कलकलाट करतात."

त्यानं टाळी वाजवली की भाषण संपलं. पुढं एक शब्द नाही.

मोठी होऊन ती प्रसूतिगृहात परिचारिका झाली. अकरा वर्षं तिथं कायमचा डॉक्टर नव्हता. एक बाळंतीण तिच्या हातात दगावली, त्या दिवसापासून ती आरोग्य खात्यातल्या साहेबांशी भांडायला लागली. लोकांनीच तिला निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं.

विधानसभेतलं पहिलं भाषण. वेळ तीन मिनिटं, मागणी एकच, कायमचा डॉक्टर. थोरला इस्त्रीचा सदरा घालून वर प्रेक्षक गॅलरीत बसलेला. ती त्या बाळंतिणीबद्दल असं बोलली की सभागृह चिडीचूप. थोरल्याचा ऊर भरून आला आणि त्यानं कडकडून टाळी वाजवली.

ती पटकन खाली बसली.

शेजारचे आमदार कुजबुजले, "ताई, मागणी राहिली की!"

तिनं दचकून मान वर केली. वर पहारेकरी थोरल्याचा दंड धरून म्हणत होता, "काका, इथं टाळ्या चालत नाहीत."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी!"

"असू द्या. चला बाहेर."

ती परत उठली. "अध्यक्ष महोदय, दादाची टाळी वाजली की थांबायची मला लहानपणापासून सवय आहे. एक वाक्य राहिलं."

सगळे हसले. अध्यक्षही हसले. "आता दादा बाहेर गेलेत. बोला."

तिनं डॉक्टर मागितला. मंत्र्यांनी तिथंच कबूल केला.

थोरला बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला. "मी घात केला ना गं तुझा?"

"डॉक्टर मिळाला, दादा. पुढच्या वेळी हात मांडीखाली घेऊन बस."

तो अजून तसाच बसतो. आणि बोलणं संपलं की धाकटी एकदा वर बघते, त्यानं मान डोलावली की मगच खाली बसते.