फोटोत न दिसलेला तेल्या

सारिकाचा फोन आला त्याच संध्याकाळी मी पिशवी भरली. सारिका माझी कॉलेजातली मैत्रीण. आणे गावाच्या पठारावर तिच्या घरची डाळिंबाची बाग आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिने मला फळांवरच्या काळ्या ठिपक्यांचे फोटो पाठवले होते. मी बुरशी आहे म्हणून सांगितलं, औषधही सुचवलं. शेतीची पदवी घेऊन मला दीडच वर्ष झालंय. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच, आणि कोणी पानाफळाचा फोटो पाठवून सल्ला मागितला की मला फार बरं वाटायचं. आता ती म्हणत होती, "फवारलं गं, पण ठिपके वाढतायत. एकदा येऊन बघ." फळं उतरायला दीड महिना होता आणि त्यांच्या घरचा वर्षाचा माल तेवढाच.

घोडेगावहून सकाळची एसटी धरली, मंचरला बदलली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे हा प्रवास खिशाला जड नाही. दसरा होऊन गेला तरी परतीचा पाऊस हटला नव्हता. नारायणगावला उतरून मिसळ खाल्ली. तिथे रस्सा मागाल तितका वाढतात, पण माझं लक्ष खिडकीबाहेरच्या आभाळाकडे होतं. अशी दमट हवा बागायतदाराला नको असते.

पहिला मुक्काम पिंपळवंडीला, आईच्या मामेभावाकडे. दत्तूमामांची द्राक्षं आहेत. छाटणी होऊन कोवळे घड दिसू लागले होते आणि नेमका त्यांवर डाऊनीचा, म्हणजे ओल्या हवेत वाढणाऱ्या रोगाचा धोका. पावसाची सर थांबली की मामा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून औषध मारायला निघत. सगळ्या शिवारात तोच आवाज.

"या मॅडम! आता डाऊनी तुमाला बघूनच पळंल," ते म्हणाले.

मी हसून त्यांना सारिकाचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल लांब धरून, मग जवळ घेऊन पाहिला.

"आन् ह्याच्यावर तू औषध सांगितलंस?"

"हो."

"अगं, फोटूत मी बी गोरा दिसतो. फळ हातात घेऊन बघितल्याबिगर सांगायचं नसतं राव."

मामी म्हणाल्या, "जेवू द्या तिला आधी."

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याहून नगरकडे जाणारी गाडी मिळाली. गाड्या बऱ्याच आहेत, पण आण्याला थांबते का ते चढण्याआधी विचारून घ्या. घाट छोटा आहे. वर आलं की झाडी विरळ होते, वारा अंगावर येतो आणि मोकळं माळरान लागतं. एरवी मी इथे थांबून फोटो काढले असते.

सारिकाची आई, म्हणजे काकू, बागेच्या तोंडाशीच उभ्या होत्या. आम्ही तिसऱ्या ओळीत गेलो. फळ हातात घेतलं आणि मला कळलं. काळा, तेलकट चमक असलेला डाग आणि त्याच्या मधोमध चिरलेली साल. पानावरच्या ठिपक्यांभोवती पिवळी कडा. हा तेल्या होता. तो जिवाणूंमुळे होतो. बुरशीच्या औषधाने त्याला काही होत नाही आणि फोटोत ती चीर दिसलीच नव्हती.

"बुरशी नाही, काकू. तेल्या आहे. मी चुकीचं सांगितलं."

काकूंनी फळ माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग अण्णांच्या बागंत आमी चार दिस कात्री चालवली, त्याचं काय?"

शंकरअण्णा म्हणजे बांधाला बांध असलेले शेजारी. या दोन घरांची सावड आहे. त्यांच्या कामाला हे जातात, यांच्या कामाला ते येतात, मजुरीचा प्रश्न नाही. गेल्याच आठवड्यात काकू आणि सारिका तिकडे खोडालगतचे फुटवे काढून आल्या होत्या, घरच्याच कात्र्या घेऊन. तेल्या कात्रीवरूनही पसरतो, पण माझ्या शब्दावर विसंबून त्या कात्र्या कोणी जंतुनाशकात बुडवल्या नव्हत्या.

सारिका हळूच म्हणाली, "वाऱ्यापावसानं पण पसरतो ना तो? आपल्यामुळंच गेला कशावरून? सांग की आईला." तिने माझ्याकडे पाहिलं.

पावसाने पसरतो हे खरंच होतं. तेवढंच बोलले असते तर आम्ही तिघी सुटलो असतो.

"तिला कशाला इचारती?" काकू म्हणाल्या. "कपडे बदला, पाय धुवा. बांधावरनं बोलू."

आम्ही बांधावर जाऊन उभ्या राहिलो. अण्णा लांबूनच ओरडले, "पावणी आलीय व्हय! या की आत, च्या टाकतो."

"न्हाई अण्णा. आज आत येत न्हाई."

ते चालता चालता थांबले. आत येत नाही म्हणजे बागेत रोग आहे, पठारावर डाळिंबवाल्याला एवढं पुरतं.

मी सगळं सांगितलं. फोटो, बुरशी, माझी चूक. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरी, तू फोटू बघितलास. आमी तर ह्यांची माया बघत व्हतो, कात्री कोण बघतंय?" मग काकूंना विचारलं, "शेवटाला कंच्या ओळीत व्हता तुमी?"

काकूंनी हाताने दाखवलं. ते एकटेच त्या ओळीकडे गेले.

तिसरा दिवस डागी फळं तोडण्यात गेला. पाट्यांत भरून बांधाकडेच्या खड्ड्यात ओतली. प्रत्येक झाडानंतर कात्री जंतुनाशकात बुडवायची, मगच पुढचं झाड. दुपारी काकूंनी आमटी-भाकरी वाढली. आण्याच्या यात्रेतली आमटी सगळे वाखाणतात, ही त्याहून तिखट होती.

तुमच्यापैकी कोणी बागा बघायला या भागात जाणार असेल तर माझं ऐका. मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. एका बागेतून दुसरीत जाताना चपला आणि हात धुवा, फळाला हात लावू नका. आणि माझ्यासारखं शिकलेलं कोणी फोटोवरून औषध सांगत असेल तर त्याला बागेत बोलवा.

मी घरी आले. फोटो अजूनही येतात. मी विचारते, तुमची बाग कुठे आहे, एसटी कुठवर येते. काहींना ते आवडत नाही.

आठवड्याने सारिकाचा फोन आला. अण्णांच्या बागेत एकोणीस झाडांवर डाग निघाले. त्यांनी फळं तोडून पुरली.

"काय म्हणाले ते?"

"भांडले नाहीत. काल बांधावर आईला भेटले. म्हणाले, वहिनी, पुढच्या छाटणीला मी मजूर लावतो. तुमी कशाला उगा तरास घेता."

"मग काकू?"

"आई म्हणाली, बरं."