विषाच्या कपाटातले थेंब

आमचे आप्पा जॉर्ज टाउनमधल्या एका औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. दुकानाच्या मागच्या खोलीत एक कुलूपबंद कपाट होतं, त्यावर लाल अक्षरांत 'पॉयझन' लिहिलेलं. किल्ली आप्पांच्या जानव्याला. आयुधपूजेला तराजू, खल, बाटल्या, सगळ्यांना गंध-कुंकू लागायचं, पण पहिलं बोट त्या कपाटाला. विषाची कसली पूजा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आपण कुठले त्याला सांभाळणार, तेच आपल्याला सांभाळून घेतं. त्या कपाटातलं काही घरी आणणं तर सोडाच, मैलापूरच्या घरी परत आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय ते आम्हाला हातसुद्धा लावत नसत. तंजावरकडची माणसं जरा अतीच सोवळी, असं आई म्हणायची. आणि स्वतः कुठली, तर तंजावरचीच!

मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. त्या लाल शब्दानं मला झपाटलंच होतं म्हणा ना. वाचनालयातला जाडजूड कोश काढून बघितला, तर पॉयझन म्हणजे मुळात नुसता प्यायचा घोट. त्या घोटात पुढे औषध आलं, मग जादूटोणा आला, आणि शेवटी मरण आलं. टॉक्सिक हा शब्द तर धनुष्यापासून निघालेला, बाणाला लावायच्या लेपावरून. मग आपलं विष कुठून आलं? संस्कृतचे म्हातारे सर म्हणाले, त्याचा धातू पसरण्याचा, व्यापून टाकण्याचा. आणि जुन्या कोशांत विष म्हणजे पाणीसुद्धा. पाणी! बसमध्ये उभ्या उभ्या माझ्या अंगावर काटा आला. रोज तोंडात असलेला एवढासा शब्द, आणि त्याच्या पोटात केवढं काय काय. घरी आल्या आल्या मी हे सगळं आईला ऐकवलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि मला पाणी भरायला पाठवलं.

त्याच वर्षी आईच्या पायांवर सूज चढली. दोन पायऱ्या चढली की धाप लागायची, आडवं झालं की जीव घुसमटायचा. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि चिठ्ठी दिली. आप्पांनी ती दोनदा वाचली. औषध त्यांच्याच कपाटातलं होतं, एका फुलझाडाच्या पानांचा अर्क. थोडा दिला तर हृदय सावरतो, जास्त झाला तर थांबवतो.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कपाटातली बाटली आमच्या घरात आली. हे काय आहे, असं आईनं विचारलं. आप्पा विष आहे म्हणाले. आई जराही घाबरली नाही.

"मग तुम्हीच द्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताला गुण आहे."

पेलाभर पाण्यात दहा थेंब, दिवसातून तीनदा. मी शेजारी उभी राहून बघायची. आठवड्याभरात सूज उतरली, आई आडवी होऊन झोपायला लागली. मी थक्क झाले होते. देवळात जाऊनही माझे हात इतक्या मनापासून कधी जोडले गेले नव्हते.

मग एका सकाळी आईनं विचारलं, भातात हळद कोणी घातली? भात पांढराशुभ्र होता. भिंत पिवळी, आप्पांचं धोतर पिवळं, तिला सगळंच पिवळं दिसत होतं. आप्पांनी तिची नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी थेंब लगेच बंद केले. हा अर्क अंगात साचत जातो, म्हणाले. व्यापून टाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि बसमध्ये मोहरून गेल्याची लाज वाटली.

आठ दिवसांनी भात पुन्हा पांढरा झाला, पण सूजही परत आली. कमी करून, रात्री एकदाच, पुन्हा सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा काही ऐकेनात. विषाची परीक्षा एकदा पाहिली, पुरे झालं, म्हणाले. तीन दिवस बाटली तशीच पडून राहिली. आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. माझा स्वभाव मुळातच तापट. मी आप्पांना नाही नाही ते बोलले. आईनं मला हातानं गप्प केलं.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "मी त्या बाटलीनं मरणार नाही. तुमच्या भीतीनं मरेन."

आप्पा उठले. हात धुऊन त्यांनी पेला घेतला. त्यांचा हात स्थिर होता. सहा थेंब मोजून ते थांबले. आईनं ते पाणी एका दमात पिऊन टाकलं, तोंड वाकडं केलं आणि कॉफी मागितली.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. त्या अकरा वर्षांत आप्पा एकदाही परगावी मुक्कामाला राहिले नाहीत. माझ्या पहिल्या बाळंतपणालासुद्धा सकाळी आले आणि रात्रीच्या थेंबांची वेळ चुकायला नको म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.