कोपराचं बटण

शर्टांच्या कारखान्यात काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे तिला काजमावशी म्हणत. तिचा उजवा गुडघा कधीच कामातून गेला होता. दिवसभर पायडल दाबून दुसरं काय होणार? पण ती अळीमिळी गुपचिळी करून बसली होती. लंगडणाऱ्या बाईला मशीनवर कोण ठेवेल? कारखान्याच्या दारातून शिरताना ती मुद्दाम झपाझप चालायची आणि आत आली की ओठ चावत स्टुलावर बसायची.

आणि मग शेजारच्या मशीनवर कुबडीवाली आली. दोन्ही पायांत जोर नाही, तरी राजरोस नोकरीवर. तिच्यासाठी मिस्त्रीने पायडल काढलं आणि टेबलाच्या कडेला विजेचं एक बटण बसवलं. कोपराने दाबलं की काज तयार. वर पाठीला टेकू देणारी, गोल फिरणारी खुर्ची. आजवर मावशीचा गुडघाच दुखत होता. आता पोटातही दुखायला लागलं.

"जावयाचं पण एवढं कौतुक करत नाहीत," ती इस्त्रीवालीला म्हणाली. "आपण मेलो तरी कोणी विचारायचं नाही." खुर्ची करकरली तरी तिला वाटे, मुद्दाम करकरवतेय.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेले बघून मावशी त्या खुर्चीत बसलीच. जरा फिरून पाहिलं. कापडाचा तुकडा सुईखाली सरकवला आणि सवयीने पाय दाबला. खाली नुसती फरशी. पुन्हा दाबला, जोरात. गुडघ्यातून अशी कळ गेली की तोंडातून "आई गं" निघालं.

"मावशी, कोपराने," दारातून कुबडीवाली म्हणाली. तिच्या मागे सुपरवायझर उभा. "गुडघा फार दुखतो का हो? मला रोज दिसतं. साहेब, मावशींनाही असंच बटण द्या ना."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं झाकलेलं या भवानीने चव्हाट्यावर मांडलं. आता गेली नोकरी. "माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?" म्हणत ती उठायला गेली, पण गुडघ्याने साथ दिली नाही.

सुपरवायझर म्हणाला, "अहो, आधी बोलायचं ना. उद्या मिस्त्रीला सांगतो."

मावशीला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. हेही हिच्याच तोंडून व्हावं?

"नुसत्या बटणाने काय होतंय," ती खुर्चीचा हात घट्ट धरून म्हणाली. "खुर्ची पण पाहिजे. हिच्याहून बोटभर उंच."