मावशीचे ओले पाय

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी सर्व्हेयर आहे. मोजायचं, नकाशावर उतरवायचं... बस.

गेल्या एप्रिलची गोष्ट. अमरावतीत बुजलेला एक नाला पुन्हा मोकळा करायचं काम आमच्याकडे होतं. जुन्या नकाशात तो पिठाच्या गिरणीमागून जातो. तिथे तीन खड्डे खोदले — नुसती काळी माती, नाल्याचा मागमूस नाही.

त्याच आठवड्यात बायकोची मावशी अकोल्याहून आली. आयुष्यभर भाजीचा मळा केलेली बाई, आमच्याकडे पहिल्यांदाच. दुपारी किचनमध्ये चहा घेता घेता म्हणाली, "जावईबापू, माहे पाय काहून ओले होऊन राहिले?"

फरशी कोरडी ठणठणीत. ती उठून मागच्या दाराकडे गेली, तशी तिच्यामागे ओली पावलं उमटली. हात लावून पाहिला... गार, आणि गाळाचा वास.

"इथून पाणी चाललं," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. बायकोने माझ्या कामाचं सांगितलं असणार, दोघी मिळून गंमत करत असणार! बायकोने शपथ घेतली. मला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काही न सांगता मावशीला साइटवर नेलं. गिरणीमागे ती थांबलीच नाही. चपला काढून सरळ शेजारच्या, आमच्याच कॉलनीच्या मैदानात गेली. रणरणतं ऊन, आणि धुळीत पुन्हा तीच ओली पावलं.

"इथं पायऱ्या हायेत. तिसरी फुटकी हाय, सांभाळून."

जेसीबी लावला. सात फुटांवर नाल्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या लागल्या. तिसरीचा कोपरा नव्हता.

तरी संशय जाईना. बाजूला जाऊन तिच्या मुलाला फोन केला — आई पूर्वी कधी इथे राहिली होती का?

"नाही जी. तिनं अमरावती पाह्यलीच नव्हती. काहून, काय झालं?"

पुढचे खड्डे घेतले, गाळ लागत गेला. नकाशावर ते खड्डे जोडले तर रेघ थेट माझ्या किचनमधून! थोडी सरकवली असती तर कुणाला कळलं असतं? तासभर तसाच बसून राहिलो... नाही सरकवली. किचन पाडलं. नाला आता वाहतो.

ती पावलं कशाने भिजली, मला आजही सांगता येत नाही. मावशीचा फोन आला की बायको आवाज बारीक करते, आणि मी कान देतो. परवा एवढंच ऐकू आलं —

"हो मावशी, नाला तुम्ही म्हणाल्या तिथूनच वाहतो."