परब आजींच्या समोरची खुर्ची

आधीच सांगते, या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचायला आहे, आणि बहुतेक वेळा हसायला. मी मानसशास्त्रात काम करते. कोणी म्हणालं की मला अमुक दिसलं, तर मी पहिल्यांदा झोप किती होते ते विचारते. तेव्हा तुम्हीही मला विचारा, हरकत नाही. झोप व्यवस्थित होती. वेळ भर दुपारची... आणि माझ्या हातात पेन होतं.

जागा मुलुंड पूर्व, मिठागरांच्या बाजूचा एक वृद्धाश्रम. नाव सांगत नाही. एका संस्थेसाठी आम्ही तिथे अभ्यास करत होतो – जेवताना माणसं कोणाजवळ बसतात, किती बोलतात, त्याचा मनावर काय परिणाम होतो. काम रटाळ. साडेबारा ते सव्वा, दर पाच मिनिटांनी मान वर करायची आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायची: एकटे, कोणाजवळ पण गप्प, किंवा बोलत. मी एका कोपऱ्यात, माझी सहकारी शिल्पा दुसऱ्या. एकमेकींच्या शीट बघायच्या नाहीत, आठवडा संपला की जुळवायच्या. एकीची चूक दुसरीमुळे सापडते, म्हणून ही पद्धत.

खिडकीजवळ दोघांपुरतं छोटं टेबल होतं. तिथे परब आजी बसायच्या, ऐंशीच्या पुढच्या. आणि समोर एक गृहस्थ. पांढरा हाफ शर्ट, मनगटावर घड्याळ, पुढ्यात ताट नाही. जेवणाच्या वेळी नातेवाईक आलेले चालायचे, मला वाटलं त्यांच्यापैकीच कोणी. आजी भाताचा घास हातात तसाच धरून काहीतरी सांगत राहायच्या, ते ऐकायचे, मधेच हसायचे. मी रोज 'बोलत'ची खूण करत होते. खरं सांगू? आई गेल्यापासून मी भांडुपला एकटीच राहते. सुट्टीच्या दिवशी दूधवाल्याशिवाय कोणाशी बोलणं होत नाही. त्या दोघांकडे बघून मला बरं वाटायचं, आणि थोडा हेवाही वाटायचा.

शनिवारी शीट जुळवल्या. सगळ्यांचं जमलं, एक परब आजी सोडून. शिल्पाच्या शीटवर सहाही दिवस 'एकटी'. मी म्हटलं, समोरचे काका दिसले नाहीत तुला?

"कुठले काका? खुर्ची रिकामी होती यार. आजी स्वतःशीच बोलतात, म्हणून मी ते धरलं पण नाही."

मला वाटलं चेष्टा करतेय. मग आम्ही व्हिजिटर रजिस्टर काढून पाहिलं. परब आजींना महिनाभरात कोणी भेटायला आलं नव्हतं. आता तुम्ही म्हणणार, वारलेला नवरा असेल. तर आजींचं लग्नच झालं नव्हतं. सगळा जन्म घाटकोपरला भावाच्या घरी गेला, त्याची मुलं वाढवण्यात. त्याच मुलांनी त्यांना इथे आणून सोडलं होतं.

आमच्या सरांना सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट मवाळपणे म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे. आणि रजिस्टरमध्ये नाव नाही म्हणजे माणूस नाही, तेव्हा नोंद दुरुस्त कर. मी वाद घालायला हवा होता. पण माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, आणि आमच्या लाईनमध्ये 'हिला भास होतात' हे एकदा चिकटलं की वाट लागली. सहाही दिवसांच्या खुणा खोडल्या, 'एकटी' लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. 'एकटे' निघालेल्यांना मोठ्या टेबलावर हलवायचं हे आधीच ठरलं होतं. मला ते माहीत होतं.

दीड महिन्यानं पुन्हा गेलो. खिडकीजवळचं टेबल काढलेलं. परब आजी मोठ्या टेबलावर, दोन बायकांच्या मधे. त्या दोघी आजींच्या डोक्यावरून सिरियलबद्दल बोलत होत्या, आणि आजी भात चिवडत होत्या. आमच्या शीटप्रमाणे ही सुधारणा होती – आधी एकटी, आता 'कोणाजवळ पण गप्प'. तीन दिवस मी खुणा कमी केल्या आणि हॉलच जास्त धुंडाळला. ते गृहस्थ कुठेच दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी हात धुवून परतताना आजी माझ्यापाशी थांबल्या. सर्व्हेत तुम्ही एकट्या बसता असं आलंय, हे आश्रमाच्या मॅनेजर मॅडमनी त्यांना सांगितलं होतं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या.

"तुका ते दिसत होते मा?"

माझी आई कुडाळकडची, मालवणी मला समजते. मी होकारार्थी मान डोलावली.

"मगे माका एकटी कित्याक लिवलंस?"

का लिहिलं याचं कारण होतं, पण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मला फार लाज वाटली. ते कोण, हे विचारायचं धाडस झालं नाही. एवढंच विचारलं, आता येत नाहीत का?

"नाय गे. त्यांका वाटला असतला, हिका आता सोबत गावली."

आणि पदराला हात पुसत आपल्या खोलीकडे गेल्या.

ते कोण होते, मलाच का दिसले, शिल्पाला का नाही... मला आजही सांगता येत नाही. डोळे तपासून घेतले, ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले, काही निघालं नाही. त्या दिवशी मात्र मी तशीच ऑफिसात गेले आणि मॅनेजर मॅडमना म्हटलं, आजींचं टेबल परत लावा, त्या तिथे एकट्या नसायच्या. त्यांनी कपाटातून फाईल काढली, पान उलटलं, आणि माझीच सही मला दाखवली.