पहिल्या होडीतली कॅप्टन

कुणी "जमणार नाही" म्हटलं की मला त्या बाई आठवतात. नाव विचारायचं राहिलं.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं नवरा-बायको शुक्रवारच्या सुट्टीला दुबईहून कलबा या किनाऱ्यावरच्या गावाजवळच्या खारफुटीत होडी वल्हवायला जायचो. एकदा काठावर शाळेचा कॅम्प भेटला. ओहोटी लागली होती, थोड्या वेळात होड्यांपुरतंही पाणी उरणार नव्हतं, आणि एक मुलगी होडीत बसायला घाबरून रडत होती, "मिस, आय कान्ट!" ती अडून राहिली तर सगळ्यांचीच फेरी हुकणार होती.

त्यांच्या बाई, आपल्या मराठीच, सलवार दुमडून पाण्यात उभ्या होत्या. मी म्हटलं, "तिला आमच्या होडीत मागे बसवा."

"नको हो ताई. मागून दुसऱ्यांची धडपड दिसते. पुढे नुसतं पाणी."

त्यांनी तिला पहिल्या होडीत पुढे बसवलं. "यल्ला, चला कॅप्टन!" आणि स्वतः शेवटच्या होडीतून निघाल्या.

वळणावर मुलगी मागे बघून ओरडली, "मिस, यू आर सो स्लो!"

"सॉरी, कॅप्टन!" म्हणत बाईंनी वल्हं आणखी हळू मारलं.